कोकणातून परदेशात एलएल.एम.: सातबाऱ्यापासून व्हिसापर्यंत

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातून एलएल.बी. झालेल्या मुलामुलींनी परदेशात एलएल.एम., म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायचं मनात आणलं की शोध सुरू होतो तो विद्यापीठांच्या क्रमवारीपासून. लंडन की न्यूयॉर्क, पहिल्या शंभरात आहे की नाही, यात महिने जातात. माझं सांगणं असं की ते काम मागाहून करा. आधी दोन गोष्टी बघा: आपल्या किनाऱ्यावर कायद्याचं कोणतं काम माणसांअभावी अडून आहे, आणि आपल्या घरचे कागद कोणत्या अवस्थेत आहेत. पहिल्यावरून विषय ठरतो आणि दुसऱ्यावरून जायचं वर्ष. प्रवेशअर्ज, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा ही कामं ठरलेल्या मुदतीत होतात. वारस नोंद आणि भावकीतली वाटणी कोणाच्या मुदतीत होत नाही. म्हणून ज्या सप्टेंबरात वर्गात बसायचं आहे, त्याच्या किमान दीड वर्ष आधी कामाला लागा.

विषय आधी, विद्यापीठ नंतर

परदेशातला एलएल.एम. बहुतेक ठिकाणी एका वर्षाचा असतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबरपासून पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, अमेरिकेत ऑगस्ट ते मे. तेवढ्यात मोजके विषय आणि बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा हजार शब्दांचा प्रबंध. इतक्या थोड्या वेळात सगळ्याचं थोडंथोडं शिकून हाती फारसं लागत नाही. एक शाखा धरून खोल जाणाऱ्यालाच त्या वर्षाचा आणि त्या पैशाचा मोबदला मिळतो.

कोकणातल्या विद्यार्थ्याच्या दारातला विषय म्हणजे सागरी कायदा, आणि माझ्या पाहण्यात त्याचा विचार फार थोडे जण करतात. उरणला जवाहरलाल नेहरू बंदर, खाली दिघी, जयगड. किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गावात कोणी ना कोणी 'बोटीवर' असतो. त्याचा पगार थकला, एजंटाने फसवलं, मालकाने जहाज परक्या बंदरात खलाशांसकट सोडून दिलं, की घरची माणसं आधी येतात तालुक्याच्या वकिलाकडे. आणि तो त्यांना मुंबईचा रस्ता दाखवतो, कारण हा कायदा त्याला कोणी शिकवलेलाच नसतो. वास्तविक २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यानुसार, जो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, खलाशाच्या थकलेल्या पगारासाठी उच्च न्यायालयातून जहाज अटकावून ठेवता येतं. खलाशांच्या हक्कांचा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात भर म्हणजे २०२५ मध्ये संसदेने या क्षेत्रातले पाच कायदे नव्याने केले. १८५६ चा बिल्स ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावत्यांचा) कायदा, १९०८ चा बंदर कायदा, १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा आणि १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा यांच्या जागी नवे कायदे आले, आणि किनारी जहाजवाहतुकीसाठी वेगळा कायदा झाला. म्हणजे जुन्याजाणत्या वकिलांनाही आता नव्याने वाचायला बसावं लागणार. नव्या माणसाला या शाखेत शिरायला इतकी चांगली वेळ क्वचित येते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली आणि तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं. अशा वेळी कोळ्याच्या बुडालेल्या हंगामाची भरपाई कोणाकडून, कोणत्या न्यायालयात, किती मर्यादेपर्यंत मागायची, हा सगळा सागरी कायद्याचाच अभ्यास आहे.

यासाठी ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन आणि स्वॉन्सी, नॉर्वेत ओस्लो, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचं तुलेन, आशियात सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ ही नावं आधी पाहा. माल्टामध्ये इंटरनॅशनल मेरिटाइम लॉ इन्स्टिट्यूट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने ती १९८८ मध्ये सुरू केली आणि तिथे हाच एक विषय शिकवतात. क्रमवारीच्या याद्यांत यातली काही नावं खाली दिसतील किंवा दिसणारही नाहीत. त्याची काळजी करू नका, पण सरकारी शिष्यवृत्तीवर जाणार असाल तर करा. ते पुढे येईलच.

समुद्र नको असेल तर दुसरे दोन विषय घरचेच आहेत. एक किनारपट्टीचा पर्यावरण कायदा. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणारी, पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ आणि २०१९. तारकर्लीच्या होमस्टेपासून बंदराच्या भरावापर्यंत सगळं तिच्यात अडकतं. दुसरा बौद्धिक संपदेचा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण परराज्यातला आंबा 'देवगड' म्हणून पेटीत भरला जातोच. हे मानांकन बाहेरच्या बाजारात कसं टिकवायचं, हे शिकायला युरोप योग्य जागा आहे, कारण तिथे चीज आणि वाइनच्या नावांवरून यावर बरंच कायदेशीर काम झालेलं आहे. म्युनिकचं आयपी लॉ सेंटर आणि लंडनचं क्वीन मेरी यांचे अभ्यासक्रम उघडून पाहा.

एक गोष्ट मात्र घरच्यांना आधीच समजावून सांगा. परदेशी एलएल.एम. म्हणजे तिथल्या वकिलीचा परवाना नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई ही वेगळी परीक्षा आहे. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला काही भारतीय पदवीधर एलएल.एम. नंतर बसू शकतात, पण आपली एलएल.बी. त्या नियमांत बसते का हे तिथल्या परीक्षा मंडळाकडून प्रवेश घेण्याआधी लेखी विचारून घ्यावं लागतं. परत येऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर एका वर्षाच्या परदेशी एलएल.एम.च्या समकक्षतेबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाची भूमिका कडक राहिली आहे, आणि त्यावर वादही झाले आहेत. ज्या विद्यापीठात शिकवायची इच्छा आहे त्याच्याकडून आणि बार कौन्सिलकडून सध्याचा नियम लेखी मागवा.

घरचे कागद

इथे मी सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात.

सुरुवात नावापासून करा. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, वडिलांचं, आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग तिसरंच. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत झाली असेल आणि त्या वेळी बारसं झालेलं नसेल, तर नोंदीत बाळाचं नावच नसतं. हा दाखला आज बिनकामाचा वाटतो, पण ब्रिटनचा व्हिसा आई-वडिलांच्या खात्यातल्या पैशावर मागितला की तोच पुरावा लागतो. ग्रामसेवकाकडे जाऊन नोंद बघा, नाव घालून घ्या, इंग्रजी मजकुराचा दाखला मागा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी पासपोर्ट आणि पदवी यांतल्या फरकासाठी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच तयार ठेवावा.

मग जमीन. शैक्षणिक कर्जाचा साधारण नियम असा: ४ लाखांपर्यंत तारण नाही, ७.५ लाखांपर्यंत बाहेरचा जामीनदार, त्यावर तारण. परदेशातल्या एलएल.एम.चा एकूण खर्च यापेक्षा कितीतरी जास्त होतो, म्हणून तारणाचा प्रश्न येतोच. कोकणातला बाप अभिमानाने म्हणतो, "कलमांची बाग आहे की आपली." बँक ती घेत नाही. कारण सरळ आहे: थकलेल्या कर्जाची वसुली बँका ज्या सरफेसी कायद्याने करतात, त्याच्या कलम ३१ ने शेतजमीन वगळली आहे. बाग लाखोंची असली तरी सातबाऱ्यावर ती शेतजमीनच. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर बऱ्याचदा कलम ४३ च्या बंधनाचा (परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही, असा) शेरा असतो, तो आणखी एक अडथळा.

मग उरतं बिनशेती घर किंवा प्लॉट. तिथे अडचण येते नावांची. आजोबांच्या पश्चात वारस नोंद झालेली नाही, किंवा झाली तर मिळकत सामाईक आणि नावं वीस-पंचवीस, त्यातली निम्मी मुंबईत, एक-दोन माणसं हयातच नाहीत. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असल्याशिवाय गहाणखत होत नाही. याला झटपट उपाय नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा, आणि वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्राची गोष्ट गणपतीत काढा, कारण सगळे चाकरमानी एकाच छपराखाली तेव्हाच असतात. फक्त आरतीनंतरच्या गप्पांत होकार मिळाला म्हणजे काम झालं असं धरू नका. दुय्यम निबंधकाकडची तारीख त्याच आठवड्यात घ्या. दसऱ्यापर्यंत मतं बदलतात.

काही बँका नावाजलेल्या विद्यापीठांसाठी तारणाशिवायही मोठी रक्कम देतात. त्यांची विद्यापीठांची यादी असते, ती शाखेत मागून घ्या आणि आपला अभ्यासक्रम तिच्यात आहे का ते बघा. खासगी वित्तसंस्था तारण कमी मागतात, व्याज जास्त लावतात. हप्ता कधी सुरू होणार, शिकत असताना व्याज भरायचं की साठत जाणार, हे कागदावर वाचूनच सही करा. जुन्या करपद्धतीत भरलेल्या व्याजावर कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे. घरातल्या कमावत्या माणसाची करपद्धत कोणती, हे कर्ज कोणाच्या नावावर घ्यायचं ते ठरवण्याआधी विचारा.

शिष्यवृत्ती

महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या योजना प्रवर्गवार आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी 'सारथी'ची, आणि इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक व खुल्या प्रवर्गासाठी त्या त्या विभागाच्या. जाहिराती साधारण उन्हाळ्यात येतात आणि मुदत थोडी असते. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे सगळं जाहिरात यायच्या आधी हातात पाहिजे. या योजनांत विद्यापीठाची जागतिक क्रमवारी ही अट असते. म्हणून विषयासाठी निवडलेलं विद्यापीठ यादीत बसतं का, हे इथे तपासा, आणि अर्ज करताना यादीतलं एक तरी विद्यापीठ ठेवा.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर सगळा खर्च निघतो, पण तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. वकिलीची सनद घेऊन लगेच परदेशी धाव घेण्यापेक्षा दोन वर्षं काम करून जा, असं मी म्हणतो, त्याचं हे एक कारण. रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. तिथे एखाद्या सीनियरच्या हाताखाली काम करणं आता आपल्याकडच्या मुलांना मुंबईच्या भाड्याशिवाय जमतं. इनलॅक्सची शिष्यवृत्ती तिशीच्या आतल्यांसाठी आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने मदत करत आलं आहे.

प्रत्येक शिष्यवृत्तीचा करार नीट वाचा. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिच्याबरोबर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्यावर १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते स्वतःच्या तजविजीने पुन्हा गेले, आणि १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले. पैसा किती महिन्यांचा आहे आणि अभ्यास किती महिन्यांचा, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघा.

अर्ज

ब्रिटनचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होतात. अमेरिकेत बहुतेक लॉ स्कूल्स कागदपत्रं एलएसएसी या संस्थेमार्फत मागतात. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, जास्तीचा वेळ धरा. जर्मनीला जायचं तर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचा, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा, दाखलाही लागतो. युरोपात ॲपोस्टिल मागतात, म्हणजे आधी मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. आणि ओस्लो फुकट आहे हे जुनं ऐकीव सोडून द्या: नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं आहे.

इंग्रजीची भीती मनातून काढून टाका, पण तयारी टाळू नका. आपल्याकडे तालुका न्यायालयात अर्ज, जबाब, युक्तिवाद मराठीत चालतात, त्यामुळे कायद्याचं इंग्रजी वाचता येतं पण लिहायचा हात बसलेला नसतो. कायद्याच्या अभ्यासक्रमांना आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेकदा ७ गुण लागतात, काही ठिकाणी ७.५, आणि लेखनातही तेवढेच. मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल वाचायचा आणि त्याचं सार एका पानात इंग्रजीत लिहायचं, हा नेम सहा महिने चालवा. क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि तिथे गेल्यावर वर्गात हेच करायचं असतं.

अर्जासोबतच्या उद्दिष्टपत्रात 'लहानपणापासून न्यायाची आवड' लिहू नका. तुम्ही पाहिलेलं एक प्रकरण लिहा. बोटीवरच्या माणसाच्या पगाराचा दावा कुठे अडला, कोणता प्रश्न तुम्हाला सुटला नाही, आणि त्या विद्यापीठातला कोणता विषय त्याच्या उत्तराजवळ नेतो. निवड करणाऱ्यांपुढे हजारो अर्ज येतात. हर्णैच्या बंदरावरून आलेला खरा प्रश्न त्यांच्या लक्षात राहील.

शिफारसपत्रांची खरी अडचण तंत्राची आहे. विद्यापीठ शिफारस करणाऱ्याला थेट ईमेलवर दुवा पाठवतं आणि शक्यतो संस्थेचा पत्ता मागतं. आपले प्राचार्य किंवा सीनियर वकील साहेब मनापासून चांगलं लिहितील, पण ईमेल उघडणार नाहीत. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते तेव्हा त्यांच्याकडे जाऊन बसा, केलेल्या कामाची टिपणं द्या, कॉलेजचा अधिकृत ईमेल आहे का विचारा. मजकूर स्वतः लिहून सही घेऊ नका. दोन पत्रांची भाषा सारखी निघाली तर अर्ज तिथेच संपतो.

व्हिसा

ब्रिटनसाठी विद्यापीठाचं सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याची व्हिसासाठीची नोंद, आलं की अर्ज करता येतो, अभ्यासक्रमाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी. त्यासोबत मान्यताप्राप्त केंद्रातला क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. शुल्काची बाकी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. खातं तुमचं किंवा आई-वडिलांचं. मुंबईच्या काकांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, त्यांनी द्यायचेच असतील तर वेळेत तुमच्या खात्यात यायला हवेत. बँकेच्या कर्जमंजुरीचं पत्र मात्र चालतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार सध्या विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा वर काही महिने जास्त मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पाउंड भरावा लागतो. हा आकडा अंदाजपत्रकात कित्येकदा सुटतो.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. पण एलएल.एम.चा उन्हाळा हा प्रबंधाचा काळ असल्यामुळे तोही सत्रातच धरला जातो. उन्हाळाभर पूर्णवेळ काम करून पैसे फेडू, हा हिशोब मांडू नका. शिक्षणानंतर कामासाठी राहण्याची मुदतही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिने होणार आहे.

व्हिसाचे दिवस नेमके पावसाळ्यात येतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, घाटात दरड आली की महामार्ग बंद. मुंबईच्या भेटीच्या वेळेआधी एक मुक्काम ठेवाच. गणपतीच्या आठवड्यातली वेळ शक्यतो घेऊ नका. मुंबईकडून येणारी आणि परतणारी दोन्ही गर्दी एकाच वेळी अंगावर येते.

निघण्याआधी

प्रबंधाचा विषय इथल्या प्रश्नावर घेणार असाल तर त्याचे कागद इथूनच गोळा करून न्या. सीआरझेडचे नकाशे, राजपत्रं, न्यायालयीन आदेशांच्या प्रमाणित प्रती. माहिती अधिकाराचा अर्ज निघण्याच्या दोन-तीन महिने आधी टाका. साउदॅम्प्टनच्या ग्रंथालयात जगातली सागरी कायद्याची पुस्तकं मिळतील, मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीचं निवेदन मिळणार नाही.

आणि आई-वडिलांपैकी एकाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून ठेवा. कर्जाचा पुढचा हप्ता विद्यापीठाला पाठवणं, बँकेतल्या सह्या, वारस नोंदीची राहिलेली सुनावणी, सनदेची फी या सगळ्यासाठी ते लागतं. त्यात कोणकोणती कामं करता येतील ते स्पष्ट लिहा, जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नका, आणि त्याची एक प्रमाणित प्रत बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्या.